पहिले हजार

किक मारलीस की लगेच निघू नकोस, सेतोंजी.
दोन मिनिटं उभा राहा तिच्यापाशी.
तेल अजून तळाशी आहे, झोपेत आहे,
त्याला वर चढू दे.
तोवर बटणं लाव. पिवळा शर्ट, पाठीवर नंबर,
इस्त्री कोणी केली? बरी केलीय.

चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही.
आणि चाळीसवरच धरूनही ठेवायचा नाही,
हे लोक विसरतात.
तीस, मग अडतीस, मग पंचवीस,
चढाला खालचा गिअर, उताराला मूठ सैल.

आत काय चाललंय ते सांगते.
सिलिंडर गुळगुळीत दिसतो. बोटाने नाही, नखाने बघ:
बारीक रेघा आहेत, पाट्याला टाकी लावल्यासारख्या.
रिंगा त्यांच्यावर घासतात,
दोन्हीकडचं थोडं थोडं झिजतं
आणि एक दिवस माप जुळतं.
फार जपलंस तर घासतच नाहीत, रेघांवर काच चढते.
फार पिळलंस तर ओरखडे.
मधली जागा हाताला कळते. मला सांगता येत नाही.

स्टँडवर हसतील. हसणारच,
झेमीजान म्हणतात तुम्हाला,
ने मला, ने लवकर,
आणि तू गाढवावर बसल्यासारखा जाणार.
आग्बोतोन तर विचारेल, मढं घेऊन चाललास का रे?
विचारू दे.
कोंबड्यांची टोपली घेऊन एकटी बाई आली तर बसव.
तिघं आले तर दुसऱ्याकडे बोट दाखव,
पैसे जाताना बघ. सोमवारचा हप्ता आठव.
तरी गप्प बस.

हर्मटनची धूळ सुटलीय, फिल्टर रोज संध्याकाळी झटक.
रस्त्यावर बाटलीतलं पेट्रोल घेशील
तर बाटली आधी उजेडात धर,
मग फडक्यातून गाळ.

पाचशे झाले की ये.
तेल गरम असतानाच सोडू, त्या पांढऱ्या ताटलीत,
तुझ्या बापाच्या.
चमचम दिसेल, माशाच्या खवल्याची भुकटी पडल्यासारखी.
घाबरू नकोस. ते जायचंच असतं.

तुझ्या बापाची गाडी तू पाहिलीस ती म्हातारपणची.
निळा धूर. लोक नाक दाबायचे,
तू शाळेत सांगायचास, ती आमची नाही.
अकरा वर्षं तेल प्यायली.
मी हे काम शिकले ते तिच्यावरच, खरं तर.
चार वेळा उघडली, चार वेळा तेच:
भिंतीवर उभे ओरखडे, वरपासून खालपर्यंत.

दुकानातून आली त्या दिवशी चौदा किलोमीटर चालली होती.
रात्री माझं पाणी गेलं.
सुईण म्हणाली, आडवा आहे, दवाखान्यात न्या.
तेव्हा आम्ही झू नदीपलीकडे राहायचो,
दवाखाना बेचाळीस किलोमीटर, रस्ता तांबडा, सगळा चढ.
पुढे तो, मधे मी, मागून तुझी बेर्नादेत आत्या
मला घट्ट धरून.
मूठ शेवटपर्यंत पिळलेली.
कळा मला आता आठवत नाहीत.
पोटरीला बसलेला चटका आठवतो
आणि नव्या सायलेन्सरचा रंग जळल्याचा वास.
त्याने एकदाही काटा बघितला नाही.

नंतर मी म्हटलं, गाडीचं वाटोळं केलंस.
तो म्हणाला, हो.
तू कापडात गुंडाळलेला, निळसर,
दोन तासांपूर्वी रडायला शिकलेला.

तर हे नियम खरे आहेत. हजारापर्यंत पाळ.
आणि रात्री कोणी दार वाजवलं तर
ते मी सांगणार नाही.

चल, चोक बंद कर आता.
वळून बघू नकोस, समोर बघ.
मी इथूनच ऐकते,
रेल्वेच्या फाटकापर्यंत तुझा आवाज येतो मला.
पहिला.
दुसरा. बरा टाकलास.
तिसरा...
घाई केलीस.