सोळा

दर गुरुवारी मी बसने या किनाऱ्यावरच्या इस्पितळात येते.
माझ्या कामाला नीटसं नाव नाही.
जे शिकवतात त्यांच्याकडे कुणी बघायचं?
तर मी, असं वेल्समधल्या कुठल्याशा बैठकीत ठरलं.
पिशवीत फॉर्म असतात आणि बिस्किटं.
बिस्किटं आधी संपतात.

एलुनेड सापडली चादरींच्या खोलीत,
पालथ्या बादलीवर,
मांडीत लोवरीची वही, पेनाचं टोपण दातांत.
"बघ," म्हणाली, आणि कालचे तक्ते पसरले.
सहा खाटा, सहा माणसं.
श्वास: सोळा, सोळा, सोळा,
सोळा, सोळा, सोळा.
जणू अख्खा वॉर्ड एकाच भात्यावर चाललाय.

इदवालच्या नावापुढेही सोळा.
डोंगरावर मेंढ्यांमागे जन्म काढलेला माणूस,
काल एका वाक्यात दोनदा थांबत होता.
एलुनेडने मोजले तेव्हा अठ्ठावीस भरले.
वेळेवर कळलं, निभावलं.

"आता ही सही मी कशी करू?
आणि नाही केली तर?
शेवटचं वर्ष आहे. आई रात्रपाळ्या करते घरभाड्यासाठी.
आणि पोर वाईट नाही गं,
म्हाताऱ्यांचे पाय धुताना
पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून बघते."

मी गप्प राहिले.
माझ्या कामातलं हे सगळ्यात अवघड,
आणि याला फॉर्म नाही.

मग ती म्हणाली, माझ्याकडे न बघता,
"परवा रात्री चोवीस जणांना आम्ही दोघीच.
पहाटे चारला मीही लिहिलं सोळा.
चार खाटांना. मान वर न करता.
ती शेजारीच उभी होती, तक्ता धरून."

वाफेत वाळलेल्या कापडाचा वास.
बाहेर ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत गेलं.
कित्ता कुणाचा होता ते आता दोघींना कळलं होतं,
आणि गिरवणारी तिकडे बाहेर
कुणाला तरी चहा पाजत होती.

एलुनेडने तिला बोलावलं.
आधी स्वतःचे चार सोळा सांगितले,
मग तिचे सहा.
लोवरीचे कान लाल झाले. रडली नाही.
"मला वाटलं, एवढं चालतं," म्हणाली.
"चालतं," एलुनेड म्हणाली, "चालतं, चालतं,
आणि एक दिवस थांबतं."

आम्ही तिघी इदवालपाशी.
"मनगट धर. नाडी बघतेयस असं दाखव.
श्वास मोजतोय कळलं की माणूस श्वास सावरतो.
एवढंच खोटं या कामात खपतं.
आता छातीकडे बघ. पूर्ण मिनिट."

मिनिट म्हणजे किती लांब असतं,
घड्याळाकडे बघत उभं राहिल्याशिवाय समजत नाही.
वीस सेकंदांवर तीन नंबरची घंटा वाजली.
एलुनेडची टाच उचललेली मी पाहिली.
"थांब तू," म्हटलं, "मी जाते."
पंधरा वर्षांनी हातात बेडपॅन घेतलं.
मिस्टर पेनरी म्हणाले, तुम्ही नव्या का?
म्हटलं, हो.

परतले तर लोवरी म्हणत होती, "बावीस.
की तेवीस? मध्ये ते खोकले.
परत मोजू?"

इदवालने एक डोळा उघडला.
"नाडी फार वेळ बघता गं पोरींनो.
फाटकातून मेंढ्या मोजताना
माझा बाप कुणाशी बोलायचा नाही.
चुकलं की सगळा कळप परत आत."
आणि मनगट पुढे केलं, स्वतःहून.

सही त्या दिवशी झाली नाही.
वहीत तारीख पडली, पुढच्या गुरुवारची,
आणि खाली दोघींची नावं.

बसमध्ये मी माझा फॉर्म काढला.
समुद्र ओहोटीला लागला होता, काच थरथरत होती.
"मार्गदर्शकाला दिलेलं साहाय्य" असा रकाना आहे,
चांगला चार ओळींचा.
लिहिलं: बेडपॅन. एक.