तासाची नोंद

पूर नियंत्रण कक्षात माझं काम सोपं आहे.
दर तासाला गंगापूर धरणावरून फोन येतो,
मी लिहिते: वेळ, पातळी, विसर्ग,
शेवटच्या रकान्यात सही.
नाशिकला तशी आकड्यांची गरज नसते.
लोक गोदाघाटावर डोकावून येतात आणि सांगतात,
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं,
कमरेला लागलं.
छातीला आलं म्हणताना मात्र आवाज बदलतो.

कौस्तुभलाही दर तासाला फोटो लागतो.
टेबल, रजिस्टर, भिंतीवरचं घड्याळ दिसेल असा.
पहिल्यांदा मला हसूच आलं होतं.
कॉलेज रोडच्या कॅफेत तेजलला म्हटलं,
बघ, किती जीव लावतो.
तेजल स्ट्रॉने बर्फ ढवळत राहिली.

तेजलशी आता बोलणं नाही.
भांडण नाही झालं.
तो म्हणाला, ती तुला माझ्याविरुद्ध भरवते,
आणि मी तिचा एक फोन उचलला नाही,
मग दुसरा,
मग तिनंच करणं सोडलं.

तो हात उचलत नाही.
हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय
की वाक्य गुळगुळीत झालंय, घाटाच्या पायरीसारखं.
त्यावरून पाय घसरतो.

हात नाही उचलत. फक्त त्र्यंबक रोडला,
मी मागे बसलेली असताना,
"निवृत्ती कोण?" विचारत गाडी नव्वदवर नेली.
निवृत्ती आमच्या जीपचा ड्रायव्हर.
येत्या मार्चमध्ये निवृत्तच होतोय.
सातपूरच्या सिग्नलला थांबल्यावर म्हणाला,
गंमत केली गं, तुला गंमत कळत नाही.
माझ्या गुडघ्यांना तरी कळली नव्हती.

फक्त मिसळ सांगताना माझी तर्री तोच काढायला लावतो.
फक्त माझ्या फोनचा पासवर्ड त्याचा वाढदिवस आहे.
फक्त नाही म्हटलं की
रामवाडीच्या पुलावर उभा आहे म्हणून कळवतो,
मी रिक्षात रडत पोहोचते
तेव्हा तो पुलाच्या टोकाला भेळ खात असतो.
"आलीस ना? एवढंच बघायचं होतं."

आज रात्रपाळीला मी गांगुर्डे काकांना विचारलं,
पाणी तर अजून कितीतरी खाली आहे,
आत्ताच इशारा कशाला?
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"आकडा काय बघतेस पोरी, वाढ बघ.
मागच्या तासाला किती, या तासाला किती.
नदी काय अचानक येते होय?
सांगून सांगून येते ती."

मी मागची पानं उलटू लागले,
रजिस्टरची नव्हे.
संक्रांतीला: फोटो, कधीतरी, लाडात.
अक्षय्य तृतीयेला: रोज एक.
आता तो सेकंदकाटा कुठे होता तेही विचारतो.
आणि मी, खोटं बोलायचं काही नसताना,
दार उघडण्याआधी चेहरा नीट करते.
ही नोंद कुठल्याच रकान्यात नव्हती.

मोबाइल टेबलावर थरथरला. तीनचा फोटो राहिला होता.

भांडी बाजारात एव्हाना दुकानं रिकामी होत असतील.
पातेली, समया, हंडे, सगळं माळ्यावर.
पाणी अजून दोन गल्ल्या लांब.
तरी कोणी त्यांना विचारत नाही,
अजून बिघडवलंय काय नदीनं तुमचं?
कोणी म्हणत नाही,
एरवी किती शांत असते,
जरा समजून घ्या.

मी तीनचा आकडा लिहिला. सही केली.
मोबाइल उपडा ठेवला, तो सरकत सरकत
टेबलाच्या कडेला आला, तरी धरला नाही.
मग कक्षाच्या लँडलाइनवरून
तो नंबर फिरवला, जो मला अजून पाठ आहे
हे मी कौस्तुभला कधीच सांगितलं नव्हतं.
रात्रीचे तीन दहा.
तेजलनं दुसऱ्या रिंगला उचलला.
माझा नुसता श्वास ऐकून म्हणाली,
"कुठे येऊ?"