एक पेर

गुरुवारी दहाला वाउटर येतो,
गुडघ्यांना जुन्या टायरचे तुकडे बांधून.
फाटकावरच्या पाटीवर लिहिलंय:
इथं फक्त या बेटांवरचीच झाडं.
दर खेपेला तो पाटीपुढे टोपी काढतो
आणि उकिडवा बसून कामाला लागतो.

ओढ्याच्या काठाला, पांढऱ्या तीन पाकळ्यांचं
ब्राझीलचं तण, कोवळ्या नेच्यांच्या उरावर बसलेलं.
हलक्या हातानं, मी शिकवलं त्याला;
हे तुटलं तर वाढतं.
एक पेर मातीत राहिलं
की महिन्याभरात गालिचा.
तो गोण्या भरतो. डचमध्ये मोजतो.
म्हणतो, त्या भाषेतलं सगळं विसरलो,
आकडे आणि शिव्या सोडून.

आज शाळेची मुलं आली होती.
मी होरोएका दाखवला:
मोडक्या छत्रीच्या काड्यांसारखी पानं,
करवतीच्या दातांची, करपल्या रंगाची.
"आजारी आहे का हे?" अनाहेरानं विचारलं,
पुढचे दोन दात पडलेली.
नाही गं. इथं मोआ असायचा,
घोड्याहून उंच, बिनपंखाचा पक्षी.
त्याची चोच पोचेल तिथवर
हे झाड असंच ओंगळ राहतं, पंधरा-वीस वर्षं.
त्याच्या वर गेलं की मग पानं मऊ करतं.
"मोआ कुठाय?"
खाऊन संपवला. आम्हीच, माझ्या खापरपणज्यांनी.
सहाशे वर्षं झाली.
"मग झाडाला कुणी सांगितलं नाही?"

सगळे हसले. वाउटर नाही.
चहाच्या वेळी म्हणाला,
माझ्यावर कुठली पाटी लावशील?
मी म्हटलं, ऐंशीच्या पुढे बी उडत नाही कुणाचं,
तू बिस्किट घे.

मागच्या हिवाळ्यात तो चष्मा विसरला इथं.
द्यायला घरी गेले, तर
स्वयंपाकघराच्या खिडकीत, तिनेकेच्या निळ्या कुंडीत
तेच तण.
टवटवीत. नुकतं पाणी घातलेलं.
तिला जाऊन नऊ वर्षं.

तो माझ्या आणि खिडकीच्या मध्ये उभा राहिला.
मग ओट्यावरची कात्री दाखवली,
दर रविवारी लोंबती टोकं कशी कापतो ते,
पिशवीला दोन गाठी कशा मारतो,
आठवडाभर फ्रीझरमध्ये, मटारांच्या शेजारी,
आणि मगच कचऱ्यात.
"एकही पेर," तो म्हणाला,
"एकही बाहेर गेलेलं नाही."

मी चष्मा ठेवला.
कुंडी काचेकडे फार झुकली होती,
जरा फिरवायला हवी होती.
फिरवली.