मूळ प्रती

कॉलेज सड्यावर आहे.
खाली देवगड, बंदर, बर्फाचे कारखाने;
वर नुसता कातळ, आणि चिरेखाणीत साचलेलं
हिरवं, न हलणारं पाणी.
त्याच खाणीच्या चिऱ्यांचं आमचं कॉलेज.

मी स्कॉलरशिपच्या खिडकीत बसतो.
पहिल्या बॅचचा डिप्लोमा माझाही आहे, मेकॅनिकलचा.
लेथ मशीन मी एकदाच पाहिलं,
तपासणीच्या आदल्या रात्री टेम्पोतून उतरताना.
तिसऱ्या दिवशी ते राजापूरकडच्या कुठल्याशा कॉलेजला गेलं,
तिथेही तपासणी होती.
मागे ऑइलचा डाग उरला. तो अजून आहे.
मुलांना आम्ही तो वर्कशॉप म्हणून दाखवतो.

जूनमध्ये आमची जीप वाड्यावाड्यांतून फिरते.
एक पैसा नको, काकी,
फक्त जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार.
बाकी सरकार देईल.

आणि सरकार देतं.
कधी मार्चमध्ये, कधी त्याच्या पुढच्या मार्चमध्ये,
कधी पोर्टलवर वर्षभर नुसतं ‘प्रक्रियेत’.
तोवर मुलांचे दाखले माझ्या लोखंडी कपाटात,
डांबरगोळ्यांच्या वासात.
श्रावणात त्यांना बुरशी धरते.
मग एखादं कोरडं ऊन बघून
मी ते गच्चीवर मांडतो, वर एकेक खडा ठेवून,
आंबोशी वाळवावी तसे.

मृणाली कोयंडे, तांबळडेगची, दुसरं वर्ष.
सरकारी आयटीआयला नंबर लागला होता,
सोमवारपर्यंत मुदत.
साहेब म्हणाले, तिन्ही वर्षांची फी भर आणि ने.
तो आकडा तिच्या बापाने
होडी विकली असती तरी झाला नसता.

ती खिडकीशी आली.
‘माझ्या नावार पैशे इले काय?’
इले.
‘मगे खंय गेले?’
तुझ्या खात्यात आले, आठवड्यात इकडे वळले.
प्रवेशाच्या दिवशी कोऱ्या स्लिपांवर
सह्या घेतल्या होत्या, आठवतं?
तिला आठवलं. पेन मीच दिलं होतं.

जरा वेळ ती गजाला धरून उभी राहिली.
मग भांडल्यासारखं नाही,
हिशेब विचारतात तसं म्हणाली,
‘रापणीच्या दोरयेक हात लायलेल्या पोराक पन
वाटो गावता. माझो खंय?’

बाहेर फार्मसीच्या नव्या इमारतीचा पाया चालला होता.
मंजुरी आधी आलीय, विद्यार्थीसंख्याही ठरलीय,
भिंती येतील.

मी कपाट उघडलं.
क च्या गठ्ठ्यात शोधताना
तळाशी माझं स्वतःचं पाकीट हाताला लागलं,
बारा वर्षं जुनं, कडेला वाळवी लागलेलं.
ते तिथेच राहू दिलं.
तिची मार्कशीट काढली. गणिताच्या गुणांवर
बुरशीचा बारीक ठिपका. बोटाने पुसला, गेला नाही.

रजिस्टरात लिहिलं:
कोयंडे मृ. सु., मूळ प्रत, झेरॉक्ससाठी दिली,
परत येणे बाकी.
खाली माझी सही.

साडेचारची एसटी वळणावर हॉर्न देत होती.
ती पळाली. चप्पल हातात घेऊन,
कातळावरून, तापलेल्या.