कलम

ओडेट थिबोडोच्या सासऱ्यानं खणलेलं हे पेव,
अर्धं टेकडीच्या पोटात, अर्धं बाहेर.
बाहेर उणे तीस असलं
तरी आत बटाटा गोठत नसे.
पुढे बटाटाच परवडेना.
बारा वर्षं इथे नुसता मातीचा वास राहत होता.

आता दिवे लागतात, अठरा तास.
उत्तर मेनमधलं हे गाव, नदीपलीकडे कॅनडा.
डिसेंबरात सूर्य चारच्या आत घरी जातो,
तेव्हा गावात सगळ्यात लांब दिवस
गांजाच्या रोपांचा.

मी शाळेची बस चालवते.
सकाळची फेरी आटोपली की दुपारपर्यंत
तिच्याकडे फुलं छाटायला बसते, तासाच्या बोलीवर.
कात्री चिकटते, बोटं चिकटतात.
बसमधली पोरं नाक धरतात:
बाई, वाटेत स्कंक आडवा आला का?
आला, म्हणते. पगार देतो तो.

कायद्याचं एक कलम सांगतं:
कुलूप, कॅमेरा, झाडागणिक नंबर, ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब.
दुसरं सांगतं: शेजाऱ्याला रोप द्यायचं तर द्या,
पण फुकट.
पहिलं ओडेटनं फ्रिजवर चिकटवलंय.
दुसरं तिला पाठ आहे.

आणि एक कलम ती माझ्या हातात देते,
वीतभर, दोन पानांचं.
पेराच्या खाली, तिरकं, एका झटक्यात काप.
भीत भीत कापलेलं मूळ धरत नाही.

सत्तावीस नंबरची कलमं सगळ्यांना हवी असतात.
लिंबाच्या सालीसारखा वास, बुरशीला दाद न देणारी.
रविवारी चर्चच्या तळमजल्यावर
कुट्टूच्या धिरड्यांच्या ताटाशेजारी कागदी पेले मांडलेले:
बर्निस पेल्टियेला मलमासाठी दोन,
ल्युसियन सीरला जिन्याखालच्या कोनाड्यासाठी एक,
त्या नव्या जोडप्याला तीन, कारण त्यांचं पहिलं पीक
माव्यानं खाल्लं.
मुलगा पोर्टलंडहून फोनवर तापतो:
सगळं वाटून टाकलंस तर विकणार काय?
फुलं, ती म्हणते. फुलं विकते मी.

फेब्रुवारीत बर्फाचा पाऊस झाला, तारा तुटल्या.
दुसऱ्या रात्री जनरेटरही धापा टाकून बसला.
सकाळी पेवाचं दार उघडलं तर सत्तावीस
उकडलेल्या पालेभाजीसारखी काळी, लोळागोळा.
ओडेट उलट्या बादलीवर बसली.
मी झाडू घेतला. दुसरं काय घेणार होते?

रस्ता मोकळा झाला त्या दिवशी ल्युसियन आला,
जाकिटाच्या आत हात, हृदयविकाराच्या रोग्यासारखा.
आतून पेला काढला.
मग बर्निस. मग ते जोडपं, त्यांनी तर दोन आणले,
एकावर चुकीचा नंबर लिहून.
संध्याकाळपर्यंत बाकावर अकरा पेले.
अकराही तीच. पोरीबाळी नव्हेत, तीच,
एकाच अंगाची, अकरा घरांत राहून आलेली.
ओडेट कोणालाच काही बोलली नाही.
धिरडी जास्त घातली, एवढंच.

एप्रिलात कंपनीचा माणूस आला. बूट चिखलासाठी शिवलेले नव्हते.
सत्तावीसची किंमत त्यानं सांगितली,
ती ऐकून माझ्या हातून कात्री पडली.
कागदावर एकच अट, कलम नववं:
हे वाण दुसऱ्या कोणाकडेही असता कामा नये.
त्यानं पेनाचं टोपण काढून पेन पुढे धरलं.

ओडेटनं बोटं मोजली. बोटं संपली,
मग माझं एक घेतलं.
अकरा, ती म्हणाली. आणि त्या अकरांनी
कोणाकोणाला दिलं, ते देवाला माहीत.
मग कागदी पेला आणून त्याच्यापुढे ठेवला:
हे घ्या. फुकट आहे.
पण राज्याची हद्द ओलांडून नेता यायचं नाही.
लावायचं तर इथेच राहायला लागेल.
सीरांचं जुनं पेव रिकामं आहे.

तो हसला. पेनाला टोपण लावलं.
पेला तिथेच राहिला.

रात्री ओडेट वीजबिल उलटंपालटं करून बघत होती,
जणू मागच्या बाजूला आकडा कमी असेल.
चुकलं का गं, तिनं विचारलं.
मला उत्तर आलं नाही.
त्या पेल्यातल्या कलमाला
पांढरं, केसाएवढं मूळ फुटलं होतं.