दोन सुरुवाती

व्हर्जिल कोव्हाच दर रात्री दोन बातम्या लिहायचा.
एक जिंकल्याची, एक हरल्याची.
सातवी इनिंग सरली की दोन्ही माझ्याकडे यायच्या,
कारण छपाईचं यंत्र अकरा वीसला सुरू व्हायचं
आणि बेसबॉलला घड्याळ नसतं.

मी रात्रपाळीचा. त्याची वाक्यं छाटणं हे माझं काम.
छाटण्यासारखं फार नसायचंच.
‘डावखुरा ओकेंडो थकला होता’, एवढं लिहायचा,
किती थकला ते नाही.
फक्त पुढच्या ओळीत ओकेंडो
हातमोजा काखेत दाबून
उजव्या हातानं टोपी सारखी करत असायचा.

एरी सरोवराच्या काठचं आमचं गाव.
हिवाळ्यात बर्फावर एकमत, बाकी कशावर नाही.
न्हावी ऑर्व्हिल म्हणायचा,
मालकाच्या ओंजळीनं पाणी पितो लेकाचा.
(त्याच उन्हाळ्यात मालकानं त्याला
संघाच्या विमानातून खाली उतरवलं होतं.)
पोस्टातली थिओडोरा म्हणायची,
आपण जिंकलो की याच्या पोटात दुखतं.
दोघंही एकाच सकाळी,
एकाच बातमीबद्दल.

एक निवृत्त शाळामास्तरीण
दर सोमवारी त्याचे लेख कापून परत पाठवायची,
लाल पेन्सिलीनं तपासून, दहापैकी गुण देऊन.
सहाच्या वर कधी गेली नाही.
एकदा साडेसहा मिळाले
तर त्यानं ते पाकीट आठवडाभर खिशात वागवलं.

आणि काचेच्या कारखान्यातला लेस्टर झिमा.
भट्टीवर कायम रात्रपाळी, खेळ कधी पाहिलाच नाही त्यानं.
त्याच्यासाठी खेळ म्हणजे
सकाळी सहाला, डब्याच्या झाकणावर पसरलेला व्हर्जिल.
तो एकदा तणतणत कचेरीत आला.
‘चेंडू रेषेच्या आत पडला असं लिहिलंस.
माझा भाऊ तिथंच बसला होता. बाहेर पडला!’
व्हर्जिलनं खुर्चीचा नंबर विचारला.
दुसऱ्या दिवशी मैदान उघडायच्या आधी
तो त्या खुर्चीवर जाऊन बसला, बराच वेळ.
मग दोन ओळी लिहिल्या:
चेंडू आतच पडला होता.
पण तिथून तो बाहेर दिसतो, हेही खरं.
लेस्टर त्यानंतर सहा महिने त्याच्याशी बोलला नाही.
वाचत मात्र होता.

एकतीस हंगामांनी व्हर्जिल थांबला.
फलकावर त्याचं नाव झळकलं, एक अक्षर जास्तीचं घेऊन.
काही लोक उभे राहिले.
मागून कुणीतरी ओरडलं, ‘सुटलो एकदाचे!’
त्यानं दोन्ही स्कोअरकार्डच्या कडेला टिपून घेतलं
आणि पुढच्या पिचरचं नाव लिहायला लागला.

आता एक गोष्ट, कुणाला न सांगितलेली.
न छापलेल्या बातम्या मी टाकल्या नाहीत.
बुटांच्या खोक्यांत आहेत, वर्षवार.
आम्ही हरणारे, त्यामुळे खोक्यांत बहुतेक विजयच.
आणि त्या ऑक्टोबरातला तो कागदही आहे,
दोन धावांनी पुढं होतो तेव्हाचा,
शेवटच्या इनिंगमध्ये शॉर्टस्टॉपचा फेक
पहिल्या बेसवरून थेट प्रेक्षकांत गेला, त्याच्या आधीचा.
दहा पन्नासला पाठवलेला.
पहिली ओळ:
‘आज या गावात कुणी दिवे मालवू नयेत.’
अकरा दहाला मी दुसरी बातमी लावली.

परवा लेस्टर भेटला, ऑर्व्हिलच्या दुकानाबाहेर.
भट्टीनं डोळे गेलेत, आता मुलगी वाचून दाखवते,
नव्या पोराचं लिखाण. ‘आकडेच आकडे,’ म्हणाला.
व्हर्जिलचं कौतुक नाही केलं, तो चेंडू अजून बाहेरच आहे.
मग काठीनं फरशी उकरत विचारलं,
‘त्या ऑक्टोबरात जिंकलो असतो,
तर काय लिहिलं असतं रे त्यानं?’

मी म्हणालो, कुणास ठाऊक.

खोका गाडीत होता, मागच्या सीटवर.