मागची बाजू

लाँगटनला, बंद पडलेल्या बँकेत,
जिथे लोक पेन्शनसाठी रांग लावत,
तिथे आता दर गुरुवारी माती मळतात.
मी ब्रश धुते. एवढंच माझं काम.
चित्रकलेत मी शाळेपासून काठावर पास.

ईनिड कोकली, वय एक्याऐंशी.
एकतीस वर्षं हिनं बशांना सोन्याची कड ओढली,
दिवसाला तीस डझन.
चाक फिरतं, हात फिरत नाही,
आणि श्वास सोडायचा तो
कडेची दोन टोकं मिळाल्यावर.

शेजारी हारिस, सोळा वर्षांचा.
सर्टिफिकेटसाठी वीस तास भरायला आलेला,
घड्याळ बघून येणारा, घड्याळ बघून उठणारा.
बसस्टँडकडे जाणाऱ्या भुयारी वाटेसाठी
सगळ्यांनी मिळून दोनशे फरशा रंगवायच्यात.
त्याची रेघ पहिल्याच फेरीत नागमोडी.
"कोपर टेकव, डक," ईनिड म्हणाली.
डक म्हणजे बदक. ती सगळ्यांनाच बदक म्हणते,
मला, आणि फोटोपुरत्या आलेल्या नगरसेवकालाही.

"यावर तुमचं नाव कुठे असायचं?"
"नाव कंपनीचं."
"पण तुमचं?"
तिनं बशी पालथी केली. बुडाशी
मुंगीच्या पायाएवढ्या तीन रेघा, एक ठिपका.
"ही मी. कड चुकली तर
पैसे कोणाचे कापायचे, ते कळायला."

आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात, मी सांगितलं,
बारीक छिन्नीनं, टकटक करत:
मावशीकडून सप्रेम भेट, खाली तारीख.
नाव देणाऱ्याचं.
पातेलं ज्यानं ठोकलं त्याचं नाही.
बोलून गेले, आणि मग ब्रश धूतच राहिले,
पाणी केव्हाच स्वच्छ झालं होतं.

हारिसचे वीस तास नाताळाआधीच भरले.
तो येतोच आहे.
शनिवारी जुन्या वस्तूंच्या दुकानांत
बशा उलट्या करत हिंडतो. बायका वैतागतात.
अकरा सापडल्या.
बारावी घरीच, त्याच्या दादीच्या कपाटात,
बाजारातून डागी माल म्हणून
स्वस्तात उचललेल्या सेटमधली.
ईनिडनं चष्मा पुसला, कड बोटानं चाचपली,
एका जागी थांबली.
"इथे मला शिंक आली असणार," म्हणाली.

शेवटच्या गुरुवारी तिनं स्वतःच्या फरशीवर खूण केली.
मागच्या बाजूला.
"तिथे सिमेंट लागणार!" हारिस जवळजवळ ओरडला,
"कोणाला दिसणार ती?"
"गवंड्याला," ईनिड म्हणाली,
आणि बिस्किटांचा डबा त्याच्याकडे सरकवला.

रात्रपाळी संपवून मी त्याच वाटेनं घरी येते.
दोनशे फरशा. तिची कोणती, मला ओळखू येत नाही.
कधी समोरून हारिस येतो, नजर फोनमध्ये,
आणि न थांबता, न बघता
चौथ्या ओळीतल्या एका फरशीवर
बोटाचं पेर वाजवतो,
दारावर वाजवावं तसं.